बोट लागते तेव्हा

मराठीत ‘बोट लागणे’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते तेव्हा प्रवास संपलेला असतो; आणि बोट माणसाला लागते तेव्हा हा प्रवास कधी एकदा संपतो, असे त्या माणसाला होऊन गेलेले असते. ऊन लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तशीच आपल्या भाषेत गाडी लागते आणि बोटही लागते. या ‘लागण्या’त एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती मला फार न्याय्य वाटते: जे लागते ते बाहेरून येऊन लागते, ज्याला लागते त्याचा त्यात दोष नसतो. ऊन लागलेल्या माणसाला आपण सावलीत नेतो, पाणी देतो. बोट लागलेल्या माणसाला मात्र ‘मन घट्ट कर, तिकडे लक्षच देऊ नकोस’ असे सांगितले जाते. मी लहानपणापासून गाडी लागणारी मुलगी होते, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते की चाळिशी ओलांडल्यावरही ते मला खरे वाटत असे. क्रूझवर घालवलेल्या एका रात्रीनंतर ते खरे वाटेनासे झाले. त्या रात्रीविषयी, आणि तिच्यानंतर मी जे वाचले, विचारले आणि पुढच्या प्रवासात स्वतःवर करून पाहिले त्याविषयी मला लिहायचे आहे.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आयुष्यात एकदा तरी चारी बाजूंना फक्त पाणी दिसेल अशा ठिकाणी उभे राहायचे होते. त्यांची सत्तरी उलटली तेव्हा मी सात रात्रींची क्रूझ ठरवली, आणि त्यांना सर्वांत सुंदर दृश्य दिसावे म्हणून बाल्कनी असलेली, अगदी वरच्या डेकवरची, जहाजाच्या पुढच्या टोकाजवळची केबिन निवडली. पहिला दिवस शांत गेला. एवढे मोठे जहाज कसले हलणार, असे मी मनाशी म्हटल्याचे मला आठवते, कारण त्या निश्चिंतपणामुळेच माझ्या पर्समधली गोळ्यांची पट्टी पर्समध्येच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला. जेवण झाल्यावर मी आतल्या वाचनालयात पुस्तक घेऊन बसले आणि मला एकामागून एक जांभया येऊ लागल्या. दुपारची सुस्ती असेल असे मला वाटले. तासाभराने तोंडाला उगीचच पाणी सुटू लागले, वरच्या ओठावर गार घाम आला, आणि केबिनमधल्या साबणाचा आदल्या दिवशी आवडलेला वास मला सहन होईना. संध्याकाळी पोटात ढवळायला लागले, रात्री आठ वाजता मी गोळी घेतली आणि दहाच मिनिटांत ती जशीच्या तशी बाहेर पडली. त्यानंतर पहाटेपर्यंत काय काय झाले ते वर्णन करण्याची गरज नाही. पोट रिकामे झाल्यावरही उमासे थांबत नव्हते. एक ते पाच आकडे मोजेपर्यंत पलंग वर जाऊन खाली येई, आणि मी डोळे मिटून ते आकडे मोजत राहिले. अप्पा ओला टॉवेल हातात घेऊन शेजारी बसून होते. त्यांना काहीही झालेले नव्हते. ‘फार लागलीये का गं?’ एवढेच ते मधूनमधून विचारत होते, आणि त्यांचा इतक्या वर्षांचा मनोरथ आपण मोडला या विचाराने मला मळमळीपेक्षाही जास्त त्रास होत होता.

मध्यरात्रीनंतर जहाजाच्या दवाखान्यातली परिचारिका आली. तिने नाडी पाहिली, इंजेक्शन देण्याची व्यवस्था केली आणि मग मला एक अनपेक्षित प्रश्न विचारला: ‘तुम्हाला पहिली जांभई केव्हा आली?’ दुपारी जेवणानंतर, असे मी सांगितले. ‘मग तुमची बोट तेव्हाच लागली होती,’ अशा अर्थाचे ती काहीतरी म्हणाली, ‘उलटी हा शेवटचा टप्पा असतो. गोळीची वेळ त्या जांभईच्याही आधीची होती.’ या लेखात मला मुख्यतः जे सांगायचे आहे ते तिने तेव्हा दोन वाक्यांत सांगून टाकले होते. हा त्रास होऊ लागल्यावर त्याच्याशी झुंजण्यात फारसे हाती लागत नाही. तो सुरू होण्याआधीच्या काही तासांत बरेच काही आपल्या हातात असते.

जांभईचे तिचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. हालचालीमुळे येणारी ही गुंगी, अकारण निरुत्साह, कशातच मन न लागणे, या लक्षणांना १९७६ सालापासून वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, आणि ती लक्षणे मळमळ नसतानाही दिसू शकतात. कित्येक प्रवाशांना क्रूझवर पहिले दोन दिवस नुसती झोप येत राहते. विश्रांती मिळते आहे असे समजून ते खूष असतात, आणि प्रत्यक्षात त्यांचे शरीर जहाजाच्या हेलकाव्यांशी झगडत असते. त्यानंतर चेहरा पांढरा पडणे, गार घाम, लाळ सुटणे, ढेकर, डोके जड होणे हा क्रम साधारणपणे येतो. ज्याने त्याने आपला क्रम ओळखून ठेवावा. माझा जांभईने सुरू होतो.

हे सारे घडते ते कानात, ही गोष्ट मला पोटातल्या त्रासाची इतकी वर्षे सवय असूनही नीट ठाऊक नव्हती. आपल्या अंतर्कर्णात, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेला वळते ते सांगतात, कारण डोके वळले की त्यांच्यातला द्रव मागे रेंगाळतो. आणि दोन छोट्या पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात, ते आपण वर जातो की खाली, पुढे की मागे, हे सांगतात. जहाजाच्या आतल्या खोलीत पुस्तक वाचत बसलेल्या बाईचे डोळे मेंदूला कळवतात की सारे स्थिर आहे, भिंत, टेबल, अक्षरे, काहीही हललेले नाही. त्याच क्षणी कानातले खडे कळवतात की आपण दोन मीटर वर गेलो आणि आता खाली येतो आहोत. दोघेही खरेच बोलत असतात. मेंदूजवळ आयुष्यभराच्या चालण्याफिरण्यातून जमलेला एक हिशेब असतो, आणि या दोन साक्षी त्या हिशेबात एकत्र बसत नाहीत. मळमळ होते ती या न जुळणाऱ्या हिशेबामुळे, असे बहुतेक संशोधक मानतात. या विचाराची नीट मांडणी १९७०च्या दशकात जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने केली. त्यातला महत्त्वाचा शब्द मला ‘अपेक्षा’ हा वाटतो. गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, शेजारी बसलेल्याला लागते. दोघांचे कान सारखेच हलत असतात, पण वळण येण्याआधी ते चालवणाऱ्याच्या मनात आलेले असते.

कानाची साक्ष बंद झाली तर काय होते, याचेही उत्तर जुने आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १८८२ साली पाचशेहून अधिक मूकबधिर व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांतल्या पुष्कळांना गरगर फिरवले तरी भोवळ येत नाही, असे त्याला आढळले. पुढे १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या अंतर्कर्णातली तोलाची यंत्रणा निकामी झालेली होती अशा माणसांना उत्तर अटलांटिकमधल्या वादळी समुद्रावर नेले गेले. बरोबरच्या धडधाकट माणसांना त्रास झाला, त्यांना झाला नाही. म्हणजे ज्याला बोट लागते त्याचा कान शाबूत आहे. ‘कमकुवत’ हा शब्द मी आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी ऐकला, ती गोष्ट एका चोख चालणाऱ्या इंद्रियाची खूण आहे, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले.

पण मग उलटी का? हिशेब चुकला तर डोके दुखावे, चक्कर यावी. पोटाने का शिक्षा भोगावी? मिशेल ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक तर्क मांडला. माणूस जहाजात बसू लागला त्याच्या लक्षावधी वर्षे आधी, डोळे आणि कान यांच्या साक्षी एकमेकींशी जुळेनाशा होण्याचे बहुधा एकच कारण असे: पोटात काहीतरी विषारी गेले आहे. अशा वेळी पोट रिकामे करणे हाच शहाणपणा. हा तर्कच आहे, त्याला पूर्ण सिद्धान्ताचा दर्जा नाही. पण १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या कुत्र्यांची तोलाची यंत्रणा काढून टाकली होती, त्यांना काही विषांनीही पूर्वीसारखी उलटी होत नाही असे दिसले, आणि त्यामुळे या तर्काला बळ मिळाले. मला तो पटतो, कदाचित मला तो पटावासा वाटतो म्हणूनही असेल. त्या रात्री माझे शरीर मला वाचवण्याचा प्रयत्न करत होते, असे त्यातून निघते.

या त्रासाची लाज बाळगू नये यासाठी इतिहासातही पुरेसे आधार आहेत. ब्रिटिश नौदलाचा सेनापती होरेशिओ नेल्सन याला आयुष्यभर समुद्र लागत असे, आणि ते त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. चार्ल्स डार्विन २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाजावरून निघाला तो १८३६च्या ऑक्टोबरमध्ये परत आला. या जवळजवळ पाच वर्षांत त्याचे शरीर समुद्राला पूर्ण सरावले असे कधी झालेच नाही. वारा वाढला की तो झोळीत आडवा पडून राही, आणि पोटात राहतील अशा मोजक्या पदार्थांत मनुका होत्या. भाषेचीही एक गंमत मला या निमित्ताने कळली. मळमळीसाठी इंग्रजीत जो ‘नॉशिया’ शब्द आहे, तो ग्रीक भाषेतल्या ‘नाउस’ म्हणजे जहाज या शब्दावरून आला. आणि तो ‘नाउस’ व संस्कृतातला ‘नौ’, ज्यावरून आपली नौका आणि नाव आली, हे एकाच मुळाचे शब्द आहेत. माणसाने पाण्यावर पाऊल ठेवले तेव्हापासूनची ही सोबत आहे.

पहिल्या प्रवासात माझी मुख्य चूक केबिन निवडताना झाली होती. जहाज सहा प्रकारे हलते. त्यांतले तीन प्रवाशाला सर्वांत जास्त जाणवतात: एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होणे, पुढचे टोक वर उचलले जाऊन खाली आपटणे, आणि अख्खे जहाज लाटेबरोबर वर-खाली होणे. जहाज एखाद्या फळीसारखे आपल्या मध्याभोवती झुलते असे समजले, तर सर्वांत कमी हालचाल कुठे असेल ते सहज लक्षात येते: लांबीच्या मध्याजवळ आणि खालच्या डेकवर. मी निवडलेली केबिन नेमकी उलट, फळीच्या टोकावर आणि उंचावर होती. मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली माशाच्या परांसारखी स्थिरक पाती असतात, आणि जहाज चालत असताना ती कुशीवर होण्याचे प्रमाण पुष्कळ कमी करतात. पण पुढचे टोक उचलले जाणे आणि वर-खाली होणे यांच्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. आणि पोटाला सर्वांत जास्त लागते ते हेच वर-खाली होणे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसांना एका वर-खाली जाणाऱ्या खोलीत बसवून वेगवेगळ्या गतींनी हलवले गेले, आणि सर्वांत जास्त लोक आजारी पडले ते साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा या गतीला. त्याहून पुष्कळ जलद हादरे पोट सहन करते, त्याहून पुष्कळ संथ डोलणेही सहन करते. हे वाचताना मला माझे त्या रात्रीचे एक ते पाच आकडे आठवले.

जहाजाच्या हालचालीलाच उत्तर शोधण्याचा एक भव्य प्रयत्न इतिहासात झाला. पोलाद बनवण्याच्या पद्धतीमुळे ज्याचे नाव जगभर झाले त्या हेन्री बेसेमरला समुद्र फार लागत असे. त्याने असे जहाज बांधवले की ज्याचा प्रशस्त दिवाणखाना जहाजाच्या आत टांगलेला असेल आणि जलदाबाच्या यंत्राने तो नेहमी समतल ठेवला जाईल. १८७५ साली ते जहाज फ्रान्सच्या कॅले बंदरात शिरताना धक्क्यावर आदळले आणि ती कल्पना तिथेच संपली. मला बेसेमरविषयी फार आपुलकी वाटते. ज्याने एवढे पोलाद वाकवले, त्यानेही त्या पाच सेकंदांपुढे हात टेकले.

औषधांविषयी मी जे लिहिते आहे ते माझ्या डॉक्टरांशी बोलून स्वतःपुरते शिकलेले आहे; प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातले काही करू नये. या त्रासावर चालणारी औषधे मुख्यतः दोन घराण्यांतली आहेत. पहिले घराणे ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांचे. त्यांचा हा उपयोग योगायोगाने सापडला: १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला डायमेनहायड्रिनेट हे नवे औषध दिले होते, आणि तिने डॉक्टरांना सांगितले की हे घेतल्यापासून मला ट्रामचा प्रवास लागेनासा झाला आहे. डॉक्टरांनी तिचे बोलणे गांभीर्याने घेतले, ही मला त्या कथेतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. त्याच वर्षअखेरीस न्यू यॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या सैनिकांच्या जहाजावर ते औषध तपासून पाहिले गेले आणि त्याचा गुण आला. मेक्लिझिन, सिनॅरिझिन, प्रोमेथाझिन ही याच घराण्यातली नावे. यांनी झोप येते, आणि सर्दीसाठी आपण आता घेतो त्या झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या मात्र इथे उपयोगी पडत नाहीत. उलटीसाठी सर्रास दिले जाणारे ऑनडॅनसेट्रॉनसुद्धा बोट लागू नये म्हणून फारसे कामाचे ठरलेले नाही. घरातल्या औषधांच्या डब्यातली ‘उलटीची गोळी’ बरोबर घेऊन निश्चिंत होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे घराणे स्कोपोलमाइनचे. हे द्रव्य धोतऱ्यात असते; आणि धोतरा हे विष आहे, त्याचा घरगुती उपयोग जीव घेऊ शकतो, हे इथेच सांगून ठेवते. औषध म्हणून त्याची अत्यंत मोजकी मात्रा असलेली एक लहानशी गोल पट्टी कानामागे चिकटवतात. ती निघण्याच्या किमान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस चालते. तोंडाला कोरड पडते, नजर थोडी धूसर होते, गुंगी येते. पट्टीला हात लागला तर तो साबणाने धुवायचा, कारण तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते. दुसऱ्या प्रवासात जेवणाच्या टेबलावर शेजारी बसणाऱ्या एका बाईंची एकच बाहुली मोठी झालेली पाहून त्यांच्या घरच्यांना अर्धांगाची शंका आली होती, आणि कारण होते ते एवढेच. काचबिंदूचा एक प्रकार असणाऱ्यांना ही पट्टी चालत नाही, मुलांना चालत नाही, वयस्करांना तिने भ्रम होऊ शकतो. अप्पांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असल्यामुळे लघवी अडकण्याचा धोका आहे, म्हणून डॉक्टरांनी त्यांना पट्टी तर नाकारलीच, शिवाय त्या जुन्या गोळ्याही नाकारल्या. त्यांना त्यांची गरज नाही हा भाग वेगळा. वय वाढले की बोट लागण्याचे प्रमाण सहसा उतरते. सर्वांत जास्त लागते ते दोन ते बारा वर्षांच्या मुलांना. स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त लागते, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना त्याहून जास्त.

औषध कोणतेही असो, वेळ चुकली की ते हुकते. मळमळ सुरू झाली की पोटाचे पुढे ढकलण्याचे काम मंदावते, गोळी पोटातच पडून राहते आणि पहिल्या उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून दुसऱ्या प्रवासात मी जहाज सुटण्याच्या एक तास आधी, समुद्र आरशासारखा शांत असताना, गोळी घेतली. शांत पाण्याकडे पाहत औषध घेणे मनाला पटत नाही. तरीही ते तेव्हाच घ्यायचे असते. ही गोळी आपल्याला किती गुंगी आणते ते मी आधीच घरी, जिथे गाडी चालवायची नव्हती अशा एका सुट्टीच्या दिवशी, घेऊन पाहिले होते.

आल्याविषयी सगळेच विचारतात. डेन्मार्कच्या नौदलातल्या ८० प्रशिक्षणार्थींवर खुल्या समुद्रात एक प्रयोग झाला आणि तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक ग्रॅम सुंठेने उलट्या आणि गार घाम कमी झाले. मळमळीतला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. इतर प्रयोगांचे निष्कर्ष मिश्र आहेत. मी आले चघळते, कारण त्याने मला बरे वाटते आणि अपाय होत नाही, पण गोळीच्या जागी त्याला बसवत नाही. मनगटावर, आतल्या बाजूला, तीन बोटे वरच्या बिंदूवर दाब देणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच: पुरावा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. मात्र मनाचा या त्रासाशी काहीच संबंध नाही असे म्हणणेही चुकीचे ठरेल. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायली नौदलाच्या काही प्रशिक्षणार्थींना, तुम्हाला समुद्र फारसा लागणार नाही आणि लागला तरी तुम्ही काम नीट कराल, असे आधी सांगण्यात आले. त्यांना इतरांपेक्षा खरोखरच कमी त्रास झाला. ‘मन घट्ट कर’ हे वाक्य आणि हे आश्वासन यांत मला फार मोठे अंतर दिसते. पहिल्यात आरोप आहे, दुसऱ्यात विश्वास. दुसऱ्या प्रवासाला निघताना अप्पा मला म्हणाले, ‘या वेळी तू नीट तयारी केली आहेस, तुला काही होणार नाही,’ आणि त्या बोलण्याचा मला झालेला उपयोग कोणत्याही गोळीइतका खरा होता असे मी मानते.

दुसऱ्या वेळी आमची केबिन जहाजाच्या मध्यावर, खालून तिसऱ्या डेकवर होती. तिला बाल्कनी नव्हती, एक खिडकी होती. वारा वाढेल असे कप्तानाने सांगितले, त्या दिवशी मी पुस्तक आणि फोन दोन्ही केबिनमध्ये ठेवले आणि मधल्या उघड्या डेकवर, जहाज ज्या दिशेने जात होते त्या दिशेला तोंड करून बसले. क्षितिजाकडे पाहावे, असा सल्ला सर्वजण देतात. त्यामागचे कारण समजल्यावर तो पाळणे सोपे जाते. क्षितिज ही तिथली एकच स्थिर रेषा असते. तिच्याकडे पाहिले की डोळ्यांनाही जहाजाचे डोलणे दिसू लागते, आणि डोळे व कान यांच्या साक्षी पुन्हा जुळतात. येणारी लाट आधी दिसली तर आणखी चांगले, कारण मग शरीर तिची अपेक्षा करते. डोके मागे टेकून स्थिर ठेवावे. खाली वाकून बुटाची नाडी बांधणे, पिशवीत काही शोधणे, झटकन मान वळवून हाक मारणाऱ्याकडे पाहणे, या साध्या कृतींनी कित्येकदा सारे बिनसते. संथ, पोटातून श्वास घेत राहिल्यानेही मळमळ लांबते. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. थोडे, कोरडे, तेल-मसाला बेताचा असलेले काही दर दोन-तीन तासांनी खावे. मद्य टाळावे, कारण ते रक्तातून अंतर्कर्णातल्या त्या नलिकांमधल्या एका नाजूक पडद्यात शिरून त्याचे वजनच बदलते, आणि जहाज स्थिर असतानाही माणसाला फिरवते. डिझेलचा धूर आणि स्वयंपाकघराचे वास यांपासून दूर, वाऱ्याच्या बाजूला बसावे, आणि आधीच उलट्या करणाऱ्या माणसाजवळ बसणे शक्यतो टाळावे. ज्यांच्यावर त्याची काळजी घेण्याची वेळ येते त्यांना हे टाळता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःची गोळी आधी घेतलेली असावी.

एवढे करूनही बोट लागली, तर झुंजत उभे राहू नये. आडवे व्हावे, डोके उशीत रुतवून स्थिर करावे आणि डोळे मिटावे. डोळे मिटले की दोनपैकी एक साक्ष थांबते आणि वाद निम्म्यावर येतो. झोप लागली तर फारच उत्तम. उलट्या होत असल्या तर एकदम पेला भरून पाणी पिऊ नये, ते परत येते. दर पाच-दहा मिनिटांनी एक-दोन घोट मीठ-साखरेचे पाणी घेत राहावे. रोजची मधुमेहाची, रक्तदाबाची, फिट्सची औषधे उलटीत पडून जात असतील तर वेळ न घालवता जहाजाच्या दवाखान्यात सांगावे. बारा-पंधरा तासांत घोटभर पाणीही ठरत नसेल, लघवी फार कमी होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, तर तिथे जायला मुळीच संकोच करू नये. आणि उलट्यांबरोबर जुलाब किंवा ताप असेल तर बोट लागली असे समजून केबिनमध्ये पडून राहू नये, कारण समुद्राने जुलाब होत नाहीत. क्रूझवर नोरोव्हायरसची साथ वेगाने पसरते. ते कळवणे हे स्वतःइतकेच इतरांच्याही भल्याचे आहे. आणि त्या विषाणूवर हात चोळायच्या जेलपेक्षा साबण आणि पाणी जास्त उपयोगी पडते.

बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत शिकते. मेंदू आपला जुना हिशेब बदलतो, हेलकावे त्यात मांडून घेतो, आणि मग कान जे सांगतो ते त्याला अनोळखी वाटत नाही. दुसऱ्या प्रवासात माझ्या बाबतीत ते तिसऱ्या दिवशी दुपारी घडले. डेकवर बसले असताना माझ्या लक्षात आले की बराच वेळ मी क्षितिजाकडे पाहिलेलेच नाही, मी अप्पांकडे पाहत होते. ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, आणि चारी बाजूंना फक्त पाणी होते. पहिल्या प्रवासात ते असे उभे राहिले होते की नाही, हे मला माहीत नव्हते. मी तेव्हा केबिनमध्ये आकडे मोजत होते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘नाही गं. तू आत होतीस ना.’

शेवटच्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवले. खिडकीबाहेर दिवे दिसत होते आणि इंजिनाचा आवाज बदलला होता. ‘लागली गं बोट,’ ते म्हणाले. झोपेत मला वाटले, ते मला विचारताहेत. ‘नाही लागली, अप्पा,’ मी म्हटले, आणि मग दोरखंड टाकल्याचा आवाज ऐकू आला.

घरी आल्यावर दोन दिवस जमीन हलत राहिली. हे पुष्कळांना होते, आणि सहसा एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. महिनाभर थांबले नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. नव्याने शिकलेला हिशेब मेंदू लगेच टाकून देत नाही, स्थिर जमिनीवरही तो लाटेची वाट पाहत असतो. चालताना काही वाटत नव्हते. उभे राहून डोळे मिटले की जाणवे. पहिल्या संध्याकाळी बेसिनपाशी तोंड धुताना मी डोळे मिटले, काठाला हात धरला आणि मनात मोजू लागले. पाच म्हणताना फरशी हलकेच वर आली.